नोटीस आत, खुलासा बाहेर

धानटाकळी नगरपंचायतीत कारणे दाखवा नोटीस मिळाली म्हणून आजवर कुणाची झोप उडालेली नाही, आणि याचं श्रेय उत्तरेश्वर भाऊंना जातं, असं खुद्द उत्तरेश्वर भाऊंचंच मत होतं. ते तिथले आस्थापना लिपिक. नेमणुका, रजा, बढत्या, चौकशा, निवृत्ती, कर्मचाऱ्यांचं नोकरीतलं सगळं जगणं-मरणं त्यांच्या टेबलावरून जायचं. कुणी उशिरा आला, कुणी वरिष्ठांना उलट बोलला, की नोटीस भाऊ लिहिणार. मग ज्याला ती मिळाली तोच गडी तो कागद घेऊन परत त्यांच्यापुढे उभा राहणार आणि म्हणणार, "भाऊ, आता ह्याला उत्तर काय द्यायचं तेबी तुमीच सांगा." भाऊ चष्मा पुसणार, त्याला घेऊन समोरच्या शफीच्या हॉटेलात जाणार आणि बाकड्यावर बसून स्वतःच्याच नोटिशीचा खुलासा लिहून देणार. नोटीस आत, खुलासा बाहेर. पैशाला ते शिवत नसत. नोटीस ज्याची, चहा त्याचा, एवढाच नियम त्यांनी घालून दिला होता, आणि शफीचं तळण चालू असेल तर भजीला त्यांची हरकत नसे.

दोन्ही कागदांवर त्यांचा जीव सारखाच. नोटिशीत 'सदर बाब अत्यंत गंभीर असून आपल्या कर्तव्यपरायणतेबाबत शंका निर्माण करणारी आहे' हे आलंच पाहिजे. खुलाशात 'कौटुंबिक अडचणीमुळे अनवधानाने झालेल्या चुकीबद्दल मी मनःपूर्वक दिलगीर आहे' हे आलंच पाहिजे. त्यानंतर 'सक्त ताकीद देण्यात येते' असा तिसरा कागद, तोही भाऊंनीच लिहिलेला, त्यावर मुख्याधिकाऱ्यांची सही, आणि तिन्ही कागद त्या माणसाच्या फायलीत गुण्यागोविंदानं नांदायला जात. सकाळी वाघ होऊन डरकाळी फोडायची आणि दुपारी शेळी होऊन थरथरायचं, दोन्ही कामं एकाच पगारात करणारा असा कर्मचारी शासनाला कुठं मिळणार, असं ते स्वतःच म्हणत आणि स्वतःच हसत.

ही खोड इतकी अंगात मुरली होती की घरीही ते मनातल्या मनात स्वतःला नोटिसा काढत. पत्नी सत्यशीलाबाईंनी सांगितलेली कोथिंबीर विसरली, की फाटक उघडेपर्यंत मजकूर तयार असे: 'आपण आज सायंकाळी कोथिंबिरीविना घरी हजर झालात, सदर बाब आपल्या संसारपरायणतेबाबत शंका निर्माण करणारी आहे.' चपला काढेपर्यंत खुलासाही तयार. असं स्वतःला अधूनमधून बारीक टोचून घेतलं की मोठं काही टोचत नाही, हा त्यांचा अनुभव होता, आणि तो अनुभव त्यांनी नोकरीभर वापरून घेतला.

त्या वर्षी उन्हाळ्यात उपनगराध्यक्ष विजयसिंहदादांच्या मुलीचा साखरपुडा होता. आमंत्रण सगळ्या ऑफिसला. मुख्याधिकारी मोहिनी मॅडम नव्या आलेल्या, त्या दिवशी बैठकीसाठी बीडला गेलेल्या. मग काय विचारता, हजेरीपटावर सह्या ठोकून अख्खं ऑफिस मांडवात. भाऊंनी जिलेबीचा आग्रह मोडवेना म्हणून आणखी वाढून घेतली, संपेना म्हणून अर्धी टाकली, वर मठ्ठा प्याले. नेमकं त्याच दुपारी, न सांगता न सवरता, स्वच्छतेची तपासणी करणारं पथक गावात शिरलं. त्यांना बाजारतळावर आदल्या दिवशीचा भाजीपाला कुजत पडलेला दिसला, त्यावर निवांत चरणारी जनावरं दिसली, आणि ऑफिसात रिकाम्या खुर्च्यांवर गरगरणारे पंखे दिसले. पथकानं फोटो काढले आणि कुणालाच न भेटता निघून गेलं.

पुढं वरून पत्र आलं, की जबाबदारी निश्चित करून कारवाईचा अहवाल पाठवा. आपल्याकडं जबाबदारी निश्चित करायची म्हणजे ती वरून खाली घरंगळत सोडायची आणि जिथं थांबेल तिथं बोट ठेवायचं. ती म्हाळू मुकादमापाशी आली. म्हाळूनं बाजारतळ झाडणाऱ्या बायांची हजेरी काढली, तुळजाबाईच्या नावापुढं त्या तारखेला 'गैरहजर' लिहिलं आणि हात झटकले.

तुळजाबाई गावात ग्रामपंचायत होती तेव्हापासूनची झाडूवाली. दिवाळीनंतर ती निवृत्त होणार होती, आणि सफाई कामगारांच्या वारसाहक्काच्या नियमानं तिच्या जागी तिची सून वैष्णवी लागणार होती. मुलगा राम आणि वैष्णवी दर हंगामात ऊसतोडीला कारखान्यावर जात, सोबत लहान पोर फरफटत जाई. यंदा वैष्णवीनं ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतली नव्हती. तुळजाबाईनं वडवणीच्या बाजारातून नातीसाठी दप्तरसुद्धा आणून ठेवलं होतं. हे भाऊंना पक्कं माहीत होतं, कारण वारसाची फाईल त्यांनीच तयार केली होती.

तरीही नोटीस लिहिताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. कागद वरपर्यंत जाणार, कुणीतरी मोठा माणूस वाचणार, या विचारानं लेखणीला वेगळाच उत्साह चढला. 'अत्यंत गंभीर' होतंच, त्याच्या जोडीला 'अक्षम्य' आलं, 'शासनाची प्रतिमा मलीन' आलं. संध्याकाळी तुळजाबाई नोटीस पदरात धरून शफीच्या बाकड्यावर येऊन बसली.

"भाऊ, त्या रोजी मी तर..."

"असू द्या तुळजाबाई, मी लिहितो बरोबर," म्हणत भाऊंनी टोपण काढलं. कोण कुठं होतं, काय झालं होतं, हे विचारायची पद्धतच नव्हती. खुलासा लिहून झाल्यावर त्यांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला. त्यात सासूबाईंच्या आजारपणामुळं गैरहजर राहावं लागलं असं होतं.

"माझी सासू मरून लई वर्सं झाली, भाऊ."

"कागदावर आहे ना, मग चालतं."

तुळजाबाईनं अंगठा उठवला आणि चहाचे पैसे दिले.

नेहमीसारखं सक्त ताकिदीवर निभावलं असतं, पण मोहिनी मॅडमना एक वाईट सवय होती. त्या कागद वाचत. त्यांनी तुळजाबाईची सगळी फाईल मागवली आणि भाऊंना केबिनमध्ये बोलावलं.

"ही बाई सारखी गैरहजर राहते, दर वेळी लेखी कबूल करते आणि दर वेळी सासू आजारी असते," मॅडम म्हणाल्या. "इतकी स्पष्ट कबुली मी कुठल्याच फायलीत पाहिली नाही. मी बडतर्फीचा विचार करतेय. पण नियमाप्रमाणे आधी विभागीय चौकशी होऊ दे."

भाऊंच्या पायाखालची जमीन सरकली. त्या फायलीतल्या नोटिसांची गंमत त्यांना एकट्याला माहीत होती. दर मार्चच्या आधी, ऑफिसात शिस्त आहे हे कागदोपत्री दिसावं म्हणून, ते पाळीपाळीनं काही जणांच्या नावे नोटिसा काढत. पाळी कुणाची, तर जो कुरकुर करणार नाही त्याची. तुळजाबाई कधीच कुरकुर करत नसे, म्हणून तिची पाळी जरा जास्तच वेळा आली होती.

"मॅडम, तिनं माफी मागितली आहे," भाऊ कसंबसं म्हणाले.

"म्हणूनच तर. कबुली दिलेल्या माणसाला मी निर्दोष कसं ठरवू? आणि चौकशीत ऑफिसची बाजू मांडायला सादरकर्ता अधिकारी म्हणून तुम्हीच राहा. तुमच्याइतकं नेमकं इथं कुणी लिहीत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा एका अधिकाऱ्यानं त्यांच्या भाषेचं कौतुक केलं होतं, आणि भाऊंना ते ऐकवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तुळजाबाईला शफीकडं बोलावून घेतलं.

"बडतर्फ म्हंजी काय, भाऊ?"

"नोकरी जाते. पेन्शन जाते. आणि..." भाऊंनी चहात बघत सांगितलं, "वैष्णवीची ऑर्डर निघत नाही."

तुळजाबाईनं बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "कावून पण? मी कामावरच व्हते की."

"कुठं?" भाऊंनी विचारलं. विचारल्यावर त्यांचं त्यांनाच चमत्कारिक वाटलं, कारण हा प्रश्न आस्थापना शाखेतून आजवर बाहेर पडलाच नव्हता.

"दादाच्या मांडवात. बाजारतळ झाडायला गेलते, तिथनंच म्हाळूनं सकाळी नेलं, पत्रावळ्या उचलायला. सांजंपतोर तिथंच व्हते. तुमीबी व्हते की जेवायला. तुमची पत्रावळ मीच उचलली. अर्दी जिलेबी टाकली व्हती तुमी."

भाऊंना ती जिलेबी आठवली. पत्रावळीकडं आलेला हात आठवला, हातातल्या हिरव्या बांगड्या आठवल्या. त्या हाताच्या वर एक ओळखीचा चेहरा होता हे मात्र काही केल्या आठवेना, कारण त्यांनी वर बघितलंच नव्हतं. सवयीनं मनात नोटीस उमटायला लागली, 'आपण सदर दिवशी अर्धी जिलेबी...' आणि पुढचं वाक्य येईना. इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती, आणि ती हसण्यावारी नेता येत नव्हती.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" ते चिडून म्हणाले.

"सांगत व्हते. तुमी सासू आजारी पाडली."

कढईपाशी उभ्या असलेल्या शफीनं झारा आपटला. "लई सासवा आजारी पाडल्या भाऊ तुमी ह्या बाकड्यावर," तो म्हणाला.

ही गोष्ट लपणारी नव्हतीच. आठवड्याच्या आत विजयसिंहदादांची गाडी भाऊंच्या शेजारी येऊन थांबली, काच खाली झाली.

"भाऊ, चौकशीत माझ्या दारचा इषय नको. पोरीची सोयरीक हाय, नाव निघायला नको. म्हातारीचं मी बघतो, शेतावर लावून देतो." दादा आवाज न चढवता बोलत होते. "आणि त्या दिवशी हजेरीला तुमचीबी सही हाय. अधीक्षकाची जागा खाली होतीय म्हणं यंदा. तुमचंच नाव हाय माझ्या डोक्यात."

काच वर गेली. भाऊ घरी गेले आणि कोथिंबीर विसरली म्हणून बोलणी खाल्ली. त्या दिवशी त्यांनी स्वतःला नोटीस काढली नाही. तुळजाबाईला मात्र निरोप पाठवला, की चौकशीत फक्त हात जोडा, बाकीचं मी बघतो. काय बघणार, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चौकशी अधिकारी म्हणून आसाराम साहेब आले, निवृत्त तहसीलदार. त्यांना आणायला भाऊ जीप घेऊन मांजरसुंब्याच्या फाट्यावर गेले. साहेबांनी आधी ढाब्यावर चहा घेतला आणि मग जीपमध्ये कागद चाळले. "कबुली आहे, छान आहे," ते समाधानानं म्हणाले. "अशी प्रकरणं मला आवडतात. परतीची बस मिळते."

सभागृहात साहेब बसले, समोर तुळजाबाई, एका बाजूला म्हाळू मुकादम साक्षीदार म्हणून. वैष्णवी लेकराला कडेवर घेऊन दाराबाहेर उभी होती.

"सादरकर्ता अधिकारी कोण?"

"मी," भाऊ म्हणाले.

"आणि बाई, तुमच्या बाजूनं बोलायला बचाव सहाय्यक कोण?"

तुळजाबाईनं भाऊंकडं बोट केलं.

"अहो, ते ऑफिसच्या बाजूचे आहेत. त्यांनी तुमच्याविरुद्ध बोलायचं असतं."

"बोलू द्या की सायब. आजवर दोन्हीकडनं तेच बोलत आलेत."

साहेबांना हसू आलं, ते त्यांनी खोकल्यात दाबलं. मग त्यांनी खुलासा वाचून दाखवला, सासूबाईंच्या आजारपणासकट, मनःपूर्वक दिलगिरीसकट. अंगठा तुमचाच का, असं विचारलं. तुळजाबाईनं सांगितल्याप्रमाणं हात जोडले.

"माझाच, सायब. चुकी झाली."

ती भाऊंकडं बघत होती. आपण बरोबर बोललो का, एवढंच तिला विचारायचं होतं. त्या बघण्यात रागाचा लवलेश नव्हता, पुरता विश्वास होता, आणि भाऊंना तोच सहन होईना. दारातून लेकराचं कुरकुरणं ऐकू येत होतं. साहेबांनी पेनाला टोपण लावायला घेतलं.

"म्हणजे दोष मान्य. सादरकर्त्यांना आणखी काही?"

"साहेब," भाऊ उभे राहिले. त्यांचे गुडघे थरथरत होते. शेळीचं थरथरणं आजवर कागदावर किती वेळा लिहिलं, खरं आज उमगतंय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. "माझी साक्ष घ्या."

"सादरकर्त्याची साक्ष?"

"दुसरं कुणी बोलणार नाही. ह्या बाई त्या दिवशी कामावर होत्या. मुकादमानं त्यांना विजयसिंहदादांच्या मांडवात पत्रावळ्या उचलायला नेलं होतं. माझी पत्रावळ त्यांनीच उचलली."

म्हाळू मुकादम फरशीकडं बघायला लागला. साहेबांनी टोपण पुन्हा काढलं.

"कामाच्या वेळेत तुम्ही मांडवात होतात?"

"होतो."

"हजेरीपटावर तुमची सही आहे."

"आहे. जेवायला जायच्या आधी केली. ती खोटी आहे. त्यांच्या नावापुढचं गैरहजरही खोटं आहे."

"आणि हा खुलासा?"

"मी लिहिलाय."

"नोटीस?"

"तीही मीच."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आणि सासूबाई?"

"त्या वारल्या, साहेब. मागंच. मी दर वेळी त्यांना आजारी पाडायचो."

साहेबांनी म्हाळूला जवळ बोलावलं. म्हाळूनं आधी छताकडं बघितलं, मग दाराकडं, मग म्हणाला, "दादाचा फोन आलता, सायब. एक बाई पाठव म्हणले. न्हाई कसं म्हणावं?" त्यानंतर साहेब लिहीतच बसले. परतीची बस गेली, त्याबद्दल ते भाऊंना जीपमध्ये एक शब्दही बोलले नाहीत.

आरोप सिद्ध झाला नाही. विजयसिंहदादांना कुणी काही विचारलं नाही, ते विचारण्याचा नियम आपल्याकडं अजून व्हायचा आहे. त्यांनी भाऊंचा नमस्कार घेणं मात्र बंद केलं. अधीक्षकाची जागा दुसऱ्याला मिळाली. भाऊंची एक वेतनवाढ रोखली गेली, आणि ती नोंद सेवापुस्तकात घेणं हे आस्थापना लिपिकाचं काम असल्यामुळं, स्वतःची शिक्षा त्यांनी स्वतःच्याच वळणदार अक्षरात लिहून काढली. दिवाळीनंतर वैष्णवीची ऑर्डर निघाली. तीही त्यांनीच टाईप केली, आणि नावात चूक नको म्हणून पुन्हा पुन्हा तपासली.

पण हे सगळं नंतरचं. चौकशीच्या दुसऱ्याच दिवशी मोहिनी मॅडमनी त्यांच्या हातात नोटीस ठेवली.

"ही मी स्वतः लिहिली आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याइतकी चांगली जमली नाही."

भाऊंनी ती शफीच्या बाकड्यावर बसून वाचली. त्यात गंभीर नव्हतं, अक्षम्य नव्हतं, कुणाची प्रतिमा मलीन होत नव्हती. वर तारीख होती आणि खाली एकच वाक्य: 'या दिवशी कामाच्या वेळेत आपण कुठे होता?' भाऊंनी कोरा कागद पुढं ओढला. हात आपोआप चालायला लागला आणि 'कौटुंबिक अडचणीमुळे अन' एवढं उमटल्यावर अडला. त्यांनी ते खोडलं. पुन्हा लिहायला घेतलं, तर पुन्हा तेच आलं. ऑफिसातल्या प्रत्येकाला बाकड्यावर बसवून खुलासे लिहून देणाऱ्या माणसाला स्वतःचं एक वाक्य सुचेना.

तुळजाबाई झाडू भिंतीला टेकवून समोर येऊन बसली. तिनं खोडलेल्या ओळींकडं बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, पण खाडाखोड कळत होती.

"मग?" ती म्हणाली. "आता कुणाला आजारी पाडायचं?"

भाऊ हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

"कुणालाच नाही," ते म्हणाले.

"मग इचारलंय काय त्यात?"

"कुठं होता, एवढंच विचारलंय."

"मग सांगा की. मी व्हते तिथंच व्हते तुमी."

उत्तरेश्वर भाऊंनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं: 'मांडवात जेवत होतो. माझी पत्रावळ तुळजाबाईंनी उचलली. त्या कामावर होत्या.' मग खाली सही केली. लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा तुळजाबाईनं मान हलवली, बरोबर आहे म्हणून. नोटीस ज्याची, चहा त्याचा, हा नियम भाऊंनीच घालून दिलेला होता. त्यांनी शफीला दोन चहा सांगितले.